सर्वसत्त्वांचे पाणी : उत्सर्गाचा विचार आणि नांदूर मध्यमेश्वर

धर्मशास्त्राने वस्तूचा त्याग करण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील दान आणि उत्सर्ग यांच्यातला भेद वरवर पाहता विधीपुरता वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी मालकीविषयीचा एक गहन प्रश्न आहे. दान म्हणजे दात्याने आपले स्वत्व, अर्थात मालकीचा हक्क, संपवून ते दुसऱ्याच्या ठिकाणी निर्माण करणे होय. त्यासाठी घेणारा कोणी तरी समोर असावा लागतो आणि त्याने प्रतिग्रह, म्हणजे विधिपूर्वक स्वीकार, करावा लागतो. उत्सर्गात यातला पहिलाच भाग घडतो. मालक आपली मालकी सोडतो, पण ती कोणा एकाच्या हाती देत नाही. ज्यांच्यासाठी ती सोडली ते असंख्य असतात, त्यांतील बहुतेकांना आपल्याला काही मिळाले आहे याची जाणीवही नसते. विहीर, तळे, बाग, धर्मशाळा यांसारख्या लोकोपयोगी कामांना प्राचीन परंपरेत 'पूर्त' म्हणत असत, आणि यज्ञयागादी 'इष्ट' कर्मांच्या जोडीने त्यांना पुण्यकर्माचा दर्जा होता. तळे केवळ खोदल्याने मात्र पूर्त पुरे होत नसे. खोदणाऱ्याने ते सर्व सत्त्वांसाठी, म्हणजे सर्व प्राण्यांसाठी, सोडल्याचा संकल्प उच्चारल्यावरच ते पुरे झाले असे मानले जाई.

भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग या विषयाची जी मांडणी केली आहे, तिच्यातील एक मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. दान दिलेली वस्तू दाता पुन्हा वापरू शकत नाही, कारण ती आता दुसऱ्याची झालेली असते. उत्सर्ग केलेल्या तळ्याचे पाणी मात्र उत्सर्ग करणारा पिऊ शकतो, त्यात स्नानही करू शकतो. कारण त्याने ते ज्या 'सर्वां'साठी सोडले, त्या सर्वांत तोही येतो. मालक म्हणून तो तळ्यापासून दूर होतो आणि अनेकांपैकी एक म्हणून त्याच तळ्याकडे परत येतो. एका निवृत्तीतून दोन गोष्टी साधणारी ही रचना विलक्षण आहे, आणि पाणथळ जागेच्या काठी राहणाऱ्या माणसाचे त्या जागेशी नाते कसे असावे, या प्रश्नाचा विचार करताना तिच्याइतकी उपयोगी कल्पना आधुनिक कायद्यातही सहज सापडत नाही.

या विधीचे तपशील पाहिले म्हणजे 'सर्वसत्त्व' हा शब्द केवळ औदार्याने वापरलेला नव्हता, हे ध्यानात येते. मत्स्यपुराणाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात तडागविधी, म्हणजे तळ्याच्या प्रतिष्ठेचा विधी, सांगितला आहे; त्यात सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचा मासा आणि पाणसाप, तांब्याचा खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार अशा जलचरांच्या प्रतिमा करण्यास सांगितले आहे. काही विधिग्रंथांत गाईला त्या पाण्यातून पलीकडे नेण्याचाही भाग येतो. तळ्याचे पाणी ज्यांचे होणार, त्यांना विधीच्या वेळी अशा रीतीने हजर केले जाते. तर्पणातही ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना पाणी दिले जाते, पण तेथे ओंजळभर पाण्याचा प्रश्न असतो. येथे संपूर्ण जलाशयाचा आहे.

या ठिकाणी मीमांसकांपुढे एक अडचण उभी राहते. मीमांसा हे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणारे दर्शन असून त्याच्या मते पशुपक्ष्यांना कर्माचा अधिकार नाही. त्यांना संकल्प करता येत नाही, प्रतिग्रह करता येत नाही, आणि म्हणून त्यांना शास्त्रीय अर्थाने दान देता येत नाही. बगळ्याला तळे दान देणे ही अशक्य गोष्ट आहे. उत्सर्गाच्या कल्पनेने ही अडचण ओलांडली जाते, कारण तीत घेणाऱ्याच्या पात्रतेची अटच नाही. वृषोत्सर्गात, म्हणजे श्राद्धाच्या निमित्ताने वळू सोडण्याच्या विधीत, त्या वळूवर पुन्हा कोणाची मालकी राहत नाही आणि सोडणाऱ्याला त्याला औताला जुंपता येत नाही; तळ्याच्या उत्सर्गात यापुढची पायरी आहे, कारण येथे सोडलेली वस्तू नुसती मोकळी होत नाही, ती सर्वांच्या उपयोगाला लागते. ज्यांना मागता येत नाही, स्वीकारता येत नाही आणि आभार मानता येत नाहीत, त्यांच्यासाठीही माणूस काही सोडू शकतो, एवढे तत्त्व या विचारातून निश्चितपणे हाती लागते.

हे तत्त्व तपासून पाहण्यास नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे ठिकाण फार योग्य आहे, आणि त्याचे कारण असे की तेथे उत्सर्गाचा विधी कधीच झाला नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारच्या पाटबंधारे खात्याने एक बंधारा बांधला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अडवून ते डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवावे आणि कोपरगाव, राहाता, येवला या कमी पावसाच्या भागांतील शेतीला द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. नदी मात्र पाण्याबरोबर गाळही आणत राहिली. भिंतीच्या वरच्या बाजूस वर्षानुवर्षे तो साचला, पाणी साठवण्याची जागा कमी झाली, उथळ पाण्यात बेटे वर आली, पाणवनस्पती माजल्या आणि जलाशय म्हणून जे हळूहळू निकामी होत चालले होते, ते पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान झाले. हिवाळ्यात मध्य आशियाच्या बाजूने येणारी चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि पट्टकादंब यांची दळे, तसेच येथेच राहणारे हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी, चमचे आणि चित्रबलाक असे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदले गेले आहेत. १९८६ मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ म्हणून जाहीर झाले. या यादीत समाविष्ट झालेले क्षेत्र १४३७ हेक्टर आहे.

भिंत येण्यापूर्वीही ही जागा तीर्थ होतीच. काठावर मध्यमेश्वराचे मंदिर आहे, नदीपात्रात मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे, आणि मृगरूपी मारीचाचा रामाने वेध घेतला ती हीच भूमी, अशी स्थानिक श्रद्धा त्या नावाशी जोडलेली आहे. गंगाथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, गावांत गोदावरीला गंगाच म्हणतात. तीर्थाची ही पवित्रता मात्र वाहत्या पाण्याची आणि संगमाची आहे. भिंतीमागे थांबलेल्या पाण्याचे माहात्म्य कोणत्याही पुराणात नाही आणि असण्याचे कारणही नाही. धर्मशास्त्राने स्नानासाठी योग्य अशा पाण्यांचे वर्ग पाडताना नदी, देवखात, म्हणजे माणसाने न खोदलेला नैसर्गिक डोह, आणि तडाग, म्हणजे माणसाने केलेले तळे, असा भेद केला आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी यांपैकी कोणत्या वर्गात बसवायचे? भिंत माणसाची, पाणी नदीचे, गाळ सह्याद्रीच्या उतारावरून आणि नाशिक परिसराच्या शेतांतून आलेला, आणि बेटांची रचना कोणीच ठरवलेली नाही. कर्ता एक, हेतू दुसरा आणि फळ तिसरेच, अशी ही स्थिती आहे.

संकल्पाशिवाय उत्सर्ग होऊ शकतो का, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. शास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही. संकल्प नसेल तर मालकी सुटत नाही, आणि मालकी सुटली नसेल तर पक्षी त्या पाण्यावर मालकाच्या दुर्लक्षामुळे राहतात असेच म्हणावे लागते. उद्या लक्ष गेले की ते हुसकले जातील. पाटबंधारे खात्याने ते पाणी कालव्यांसाठी राखले होते. ते त्याने बगळ्यांसाठी कधी सोडले नव्हते. भारत सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतही याच विचाराचे प्रतिबिंब दिसते. सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहेत. बांधणाऱ्याचा हेतू काय होता, यावर त्या जागेचे स्वरूप ठरवले आहे. याउलट इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना ती नैसर्गिक आहे की मानवनिर्मित, पाणी कायमचे आहे की हंगामी, हा भेद मानला नाही. तेथे कोण राहते आणि कशावर जगते, याकडे पाहिले. रामसर यादीतील जागांना २०१७ चे नियम लागू होतात म्हणून नांदूर मध्यमेश्वर सुरक्षित आहे, परंतु हेतूवरून वगळले जाणारे शेकडो पाझर तलाव आणि बंधारे महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या काठावरही पक्षी उतरतातच.

शास्त्राचे उत्तर अचूक असले तरी ते अपुरे आहे, असे म्हणण्यास आधार आहे, आणि तो आधार मीमांसेतूनच मिळतो. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान द्यावे असे विधान आहे; त्यावर जैमिनीच्या सूत्रांत अशी शंका उपस्थित केली आहे की यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान द्यावी काय. निर्णय असा दिला आहे की भूमी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. राजाचे शेतातील उत्पन्नाच्या वाट्यावर रक्षणकर्ता म्हणून काही हक्क असतात, पण पृथ्वीवर त्याचे स्वत्व नसते. हा न्याय पाण्याला लावला तर उत्सर्गाच्या संकल्पाचा अर्थच बदलतो. तळे खोदणारा आपल्या श्रमाचा, पैशाचा, बांधाचा आणि पायऱ्यांचा मालक असतो आणि तेवढेच तो सोडतो. पावसाने आणि ओढ्याने आलेले पाणी त्याचे कधीच नव्हते. संकल्पाने नवे काही दिले जात नाही, जे पूर्वीपासून सर्वांचे होते त्याच्या वाटेतला अडथळा दूर केला जातो. या अर्थाने पाहिले तर नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांना कोणी काही देण्याची गरज नव्हती. नदीने भिंत घालणाऱ्याच्या हेतूला न जुमानता, जे त्यांचेच होते ते त्यांच्यापर्यंत आणून पोहोचवले.

'सर्व' या शब्दाची याहून कठोर परीक्षा मात्र पक्ष्यांच्या बाबतीत झाली नाही, ती माणसांच्या बाबतीत झाली, आणि तीत ही परंपरा नापास झाली, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर गाईगुरे पाणी पीत होती, पक्षी उतरत होते, परधर्मीयांना मनाई नव्हती. मज्जाव होता तो अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केल्यानंतरही तो मज्जाव टिकला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केल्यावर पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. सोन्याच्या कासवाला आणि तांब्याच्या बेडकाला मंत्रपूर्वक ज्या पाण्यात स्थान देण्याची परंपरा होती, त्याच प्रकारच्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने विटाळ झाल्याचे मानले गेले. न्यायालयात सवर्ण वादींनी तळे खाजगी असल्याचा दावा केला. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये त्यांचे अपील फेटाळले, कारण बहिष्काराची रूढी अनादी काळापासून असल्याचे सिद्ध झाले नाही. ज्या मनुस्मृतीत इष्टापूर्ताची महती सांगितली आहे, तिचेच दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झाले, ही गोष्ट उत्सर्गाच्या विचारातील थोरवी सांगणाऱ्याने नजरेआड करू नये. सर्व प्राण्यांविषयीची करुणा आणि शेजारच्या माणसाविषयीची क्रूरता एकाच समाजात, एकाच तळ्याच्या काठी सुखाने नांदू शकतात, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून पाणथळ जागेच्या रक्षणाचा कोणताही विचार, तो धार्मिक असो वा शास्त्रीय, पक्ष्यांसाठी माणसांना काठावरून दूर करण्यापासून सुरू होत असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहणे योग्य ठरते.

नांदूर मध्यमेश्वरच्या काठी हा संशय काल्पनिक नाही. खाणगाव थडी, चापडगाव, मांजरगाव, करंजगाव ही गावे या पाण्याच्या कडेने वसली आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या सुपीक गाळाच्या जमिनीवर, जिला गाळपेर जमीन म्हणतात, अशा ठिकाणी पीक घेण्याची रीत जुनी आहे, आणि अशा पाण्यात जाळे टाकून जगणारी कुटुंबेही असतात. अभयारण्याच्या सीमेने या माणसांना 'सर्वां'तून वगळले, तर तो उत्सर्गही अपुरा आणि ते रक्षणही अपुरे. रामसर कराराने 'सुज्ञ वापर' हे सूत्र स्वीकारले आहे, ज्याचा अर्थ जागेची जीवनक्षमता कायम ठेवून तिचा उपयोग करणे असा होतो. ते उत्सर्ग करणाऱ्याला पाणी पिण्याची मुभा देणाऱ्या जुन्या निर्णयाच्या बरेच जवळ आहे. दोन्हींत माणूस पाण्यावर राहतो, मालक म्हणून राहत नाही.

माणसाचे कर्तव्य काय, याविषयी जुन्या ग्रंथांत एक लहानसा नियम आहे, ज्याकडे विद्वानांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत असे सांगितले आहे की दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करण्यापूर्वी मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरा या टीकेत हा नियम सर्व प्राण्यांसाठी न सोडलेल्या पाण्यापुरता मर्यादित केला आहे. नियमामागची भावना मनूच्या त्या वचनाशी जुळते, ज्यात परक्याच्या तळ्यात स्नान करणाऱ्याला ते खोदणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो असे म्हटले आहे. परंतु व्यवहारात पाहिले तर पाणी वापरणाऱ्या प्रत्येकाने थोडा गाळ काढला की तळे आपोआप राखले जाते, हा त्याचा लाभ उघड आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतही हाच विचार मोठ्या प्रमाणावर दिसतो.

नांदूर मध्यमेश्वरला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू केला तर अनर्थ होईल. तेथे गाळ हाच पक्ष्यांचा आधार आहे. चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे तुतवार, उथळ पाण्यात चोच इकडून तिकडे फिरवणारे चमचे, बेटांवर रात्र काढणारी बदके यांना खोल आणि स्वच्छ जलाशय उपयोगाचा नाही. ज्या तळ्यात गाळ काढणे पुण्य, तेथून काही कोसांवर गाळ तसाच राहू देणे पुण्य, अशी ही परिस्थिती आहे, आणि तिला तोंड देण्यास ठरावीक नियमाचा उपयोग होत नाही. त्या त्या पाण्यावर कोण अवलंबून आहे हे पाहून धर्म ठरवावा लागतो. धर्मशास्त्राला देश आणि काळ यांचा विचार नवा नाही. गाळाचा प्रश्न कितीही असला तरी नाशिकच्या बाजूने येणारे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी यांना मात्र कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. जलाशयात मलमूत्र टाकणे सर्व स्मृतींनी एकमुखाने निषिद्ध मानले आहे आणि या एका बाबतीत स्मृतिकार आणि आजचे जीवशास्त्रज्ञ यांच्यात मतभेदाला जागा नाही.

याच गोदावरीच्या काठी खाली पैठण आहे. तेथून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात भगवंतभास्कर या बारा मयूखांच्या ग्रंथात दानमयूख आणि उत्सर्गमयूख असे दोन स्वतंत्र भाग लिहिले. दान आणि उत्सर्ग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या रचनेतूनच दिसते. आज पैठणजवळ जायकवाडीचा नाथसागर आहे, तोही सिंचनासाठी बांधलेला आणि तोही पक्षी अभयारण्य झालेला; आणि वरच्या नाशिक-अहिल्यानगरने खालच्या मराठवाड्यासाठी किती पाणी सोडावे, हा वाद टंचाईच्या वर्षांत न्यायालयापर्यंत जातो. या वादात जिल्हे बोलतात, कारखाने बोलतात, शेतकऱ्यांच्या संघटना बोलतात, आणि त्यांचे बोलणे रास्तही असते. ज्यांना अधिकार नाही म्हणून मीमांसकांनी प्रतिग्रहातून वगळले, ते येथेही गप्पच असतात.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याची पातळी शेवटी कालव्यांच्या आवर्तनांवर, म्हणजे ठरावीक पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, अवलंबून राहते. रब्बीचे आवर्तन सुरू झाले की पातळी बदलते, चिखलाची पट्टी कधी उघडी पडते तर कधी बुडते, आणि पाहुणे पक्षी नेमके त्याच महिन्यांत तेथे उतरलेले असतात. किती आवर्तने द्यावीत याचा विचार कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. पाटबंधारे खात्याने जो संकल्प शंभर वर्षांपूर्वी केला नाही, तो करण्याची जागा आज हीच आहे. भिंतीमागे हिवाळ्यात किती पाणी ठेवावे आणि ते किती सावकाश उतरवावे, हा निर्णय पिकांच्या गरजेबरोबर पक्ष्यांच्या आणि मच्छीमारांच्या गरजेचीही नोंद करून तेथे व्हायला हवा, आणि तो एकदा होऊन भागणार नाही, कारण नदी दरवर्षी नवे पाणी आणि नवा गाळ घेऊन येते.